एक जास्त

रविवारी दुपारी बारा वाजता राज्य बुडतं.
कुणीतरी शिंग फुंकतं,
आणि विबोर्गच्या बीचरानात मेलेले सगळे
उठून चटया गुंडाळायला लागतात.

तिथून माझं काम सुरू.
कंटेनरच्या दारात घडीचं टेबल, त्यावर वही,
पेन्सिल सुतळीने बांधलेली,
कारण तीन दिवस चोऱ्या करून आलेल्यांची
सवय लगेच मोडत नाही.

आधी तलवारी. फोमच्या, वर लॅटेक्सची कातडी.
टोक दाबून बघते, आतला गज डोकावतोय का.
डोकावला तर लाल चिकटपट्टी, आणि बाजूला.
ओल्या असतील त्या पुसून, शंखजिऱ्याची पूड चोळून
तान्ह्या पोरांसारख्या आडव्या निजवायच्या.
टोकावर उभी केलेली तलवार
हिवाळाभर वाकत राहते.

उमराव आस्किल्ड, ज्याच्यापुढे तीन दिवस कुणी बसलं नाही,
रांगेत निमूट उभा आहे.
त्याच्या ढालीची कड उंदराने कुरतडल्यासारखी झालीय.
"पडली का?"
"पडली," तो म्हणतो. मग बुटांकडे बघत, "दोनदा."

नाणी चारशे दिली होती, तीनशे एकाहत्तर आली.
बाकीची मंगळवारपर्यंत
कुणाकुणाच्या वॉशिंग मशीनच्या गाळणीत सापडतील.

नियम एकच आहे.
पिवळा दोरा असेल ती वस्तू खेळाची:
चोरा, लुटा, पुरून ठेवा, कुणाच्या गळ्यात घाला.
दोरा नसेल तर ती कुणाची तरी खरी आहे.
पहिल्या वर्षी हा नियम नव्हता.
त्या वर्षी एब्बेचा दम्याचा पंप
विषाची कुपी समजून जादूगारणीने तळ्यात फेकला.
एब्बे बरा आहे. तळ्यावर अजून येत नाही.

क्रमांक एक्केचाळीस: राणीचं पत्र.
मेणाची मोहोर जशीच्या तशी.
अख्खा कट त्यात होता.
कागद चहात बुडवून, भट्टीत वाळवून,
तीन रात्री बसून लिहिला होता मी.
"उघडलंच नाहीस?"
दूत झालेली थ्यूरा, वय सोळा, म्हणते,
"ज्याला द्यायचं तो शुक्रवारीच मेला, इंगरलिस.
आणि दुसऱ्याचं पत्र कसं उघडायचं?"
वहीत खूण करते. पेन्सिल जरा जास्तच दाबली जाते.

चार वाजता बेरीज.
वीस वर्षं माझी बेरीज कमीच भरत आलीय,
त्याचं मला काही वाटेनासं झालंय.
आज एक जास्त.

लाकडी चमचा. डावखुऱ्या ढवळण्याने एका अंगाला झिजलेला,
काठ जळका.
दांड्याला पिवळा दोरा.
गाठ माझी नाही. मी दुहेरी मारते,
ही फुलाची आहे, वाढदिवसाच्या पुडक्यावर असते तशी.

स्वयंपाक्यांना विचारलं. भटारखान्यातल्या डाकूंना विचारलं.
प्रत्येकाने चमचा हातात घेतला,
थोडा वेळ धरला, आणि मान हलवली.
शेवटी माल्थे, नऊ वर्षांचा पिशाच्च,
हिरवा रंग अजून कानात साचलेला, म्हणाला,
"कुणाला तरी वाटत असेल,
हा कुणीतरी चोरून न्यावा."

मी क्रमांक दिला, तीनशे अठरा.
'कुणाचा' हा रकाना रिकामा ठेवला.
कंटेनरला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.

घरी पोचून कोट टांगताना
खिशात काहीतरी दारावर वाजलं.
तशीच उभी राहिले दिवा न लावता.
मग वही काढली,
आणि तीनशे अठराच्या पुढे
स्वच्छ अक्षरात लिहिलं:
चोरीला गेला. नियमाप्रमाणे.